सीटी निर्दोष, शुद्ध मात्र नाही

प्रश्न : चेन्नईत दुचाकीवरून पडलेला माझा भाचा अजून बेशुद्ध आहे, सीटी स्कॅनमध्ये मात्र काहीच नाही. असे कसे?

उत्तर : वेगातले मस्तक अकस्मात थांबले वा गर्रकन फिरले, की मेंदूतील भिन्न घनतेचे थर निरनिराळ्या गतीने सरकतात आणि त्यांना जोडणारे सूक्ष्म मज्जातंतू ताणले जाऊन पुढील काही तासांत तुटत जातात. सबिना स्ट्रिच यांनी १९५६ साली वर्णिलेली ही विखुरलेली इजा सीटीत पुष्कळदा उमटत नाही, एमआरआयमध्ये दिसू शकते. हे तंतू कोणत्याही शस्त्राने सांधता येत नाहीत. भिस्त प्राणवायू, रक्तदाब आणि शुश्रूषेवरच. मस्तिष्कस्तंभास इजा असल्यास धोका अधिक. सुधारणा महिनोन्महिने चालते. डॉक्टरांकडे पहिल्याच आठवड्यात निकाल मागू नका.