एका गोळीत दोन औषधे कशाला?

डॉक्टरांनी दिलेल्या एखाद्या गोळीच्या पाकिटावर 'अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १२५ मिलिग्रॅम' असे छापलेले तुम्ही पाहिले असेल. दोहोंची बेरीज ६२५. म्हणून गोळीच्या नावापुढे तो आकडा असतो. ही जोडी कशासाठी?

अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले. या घराण्याच्या प्रत्येक रेणूत चार अणूंचे एक चौकोनी कडे असते. कार्बनच्या बंधांना साधारणपणे १०९ अंशांचा किंवा त्याहून मोठा कोन मानवतो. येथे त्यांना सुमारे ९० अंशांत वाकावे लागते. म्हणजे हे कडे दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखेच झाले! जीवाणूची भिंत बांधणाऱ्या विकराशी गाठ पडताच ते उघडते आणि त्याला घट्ट चिकटते. भिंत कच्ची राहते, आतला दाब मात्र कायम. परिणामी जीवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून त्या बचावतात.

पण काही जीवाणू हे कडे आधीच तोडणारे विकर तयार करतात. अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच अशा विकराची नोंद केली होती. येथे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल कामी येते. त्यातही तसेच कडे असते. जीवाणू मारण्याची त्याची स्वतःची शक्ती बेताचीच. पण तोडणारे विकर त्यातच अडकून पडते आणि अ‍ॅमॉक्सिसिलिन सुखरूप राहते. ही जोडी १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आली.

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. विषाणूंना अशी भिंत नसते. तेथे ही गोळी निरुपयोगी. उलट आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरून जुलाब होऊ शकतात आणि औषधाला दाद न देणारे जीवाणू मागे उरून वाढतात. म्हणून उरलेली गोळी मनाने घेऊ नये, दुसऱ्याला देऊ नये. पोट बिघडू नये म्हणून ही गोळी जेवणाच्या सुरुवातीस घ्यावी. पूर्वी पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी झाली असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला वा धाप लागली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. डोळे पिवळे दिसले तरीही डॉक्टरांना दाखवावे.

आता एक गणित. ३७५ च्या गोळीत ही औषधे २५० आणि १२५ मिलिग्रॅम असतात. मग ६२५ च्या एका गोळीऐवजी ३७५ च्या दोन चालतील का? बेरीज करून पाहा. अ‍ॅमॉक्सिसिलिन तेवढेच राहते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल मात्र दुप्पट होते!