भेडाघाटहून पासपोर्ट : फी ठरलेली, फेऱ्या मात्र आपल्या हातात

पासपोर्टची फी जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या माणसाला तेवढीच, जेवढी भोपाळच्या. फरक पडतो तो वाटखर्चात आणि बुडालेल्या रोजात. पूर्वी त्यासाठी भोपाळचं पासपोर्ट कार्यालय गाठावं लागे. एका बाजूने सुमारे तीनशे किलोमीटर. २०१७ पासून पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्रं उघडू लागली आणि त्यांच्या पहिल्या यादीत जबलपूर होतं. आता प्रवास वीस-पंचवीस किलोमीटरचा. सकाळी निघालेला संगमरवरी मूर्ती विकणारा दुपारी धुआंधार धबधब्याच्या वाटेवरचं आपलं दुकान उघडू शकतो.

३६ पानी पासपोर्टला प्रौढांना १,५०० रुपये, ६० पानीला २,०००. लहान मुलांना १,०००. आठ वर्षांखालची मुलं आणि साठीपुढची मंडळी यांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट. म्हणजे आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी आणि पहिल्यांदाच पासपोर्ट काढणारी सत्तरीची आजी, असे चौघांचे ५,३५० रुपये. तत्काळ पासपोर्टला माणशी २,००० जादा. तो हवा असेल तर जबलपूरची अपॉइंटमेंट मिळते का, ते आधी बघा. मुदतीतला पासपोर्ट हरवला, तर ३६ पानी नव्याला ३,०००.

अर्ज ‘पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’ याच संकेतस्थळावर भरा. हुबेहूब दिसणारी खोटी संकेतस्थळं भरपूर आहेत आणि ती जास्तीचे पैसे उकळतात. मोबाइलवर जमत नसेल, तर कॉमन सर्व्हिस सेंटरवाले शंभर रुपयांत भरून देतात. फी वर्षभर चालते, अपॉइंटमेंटही तीनदा बदलता येते.

खरा भुर्दंड दुसऱ्या फेरीचा. इथल्या मराठी घरांत तो बहुतेक नावापायी पडतो: आधारवर मध्ये वडिलांचं नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव-आडनाव. अपॉइंटमेंट घेण्याआधी सगळे कागद शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि आधार दुरुस्त करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो घरूनच न्या. झेरॉक्सबरोबर मूळ कागद हवेतच. प्रकरण गुंतागुंतीचं निघालं, तर भोपाळच्या कार्यालयातून बोलावणं येतं आणि वाचलेला वाटखर्च तिथे जातो.

पोलीस पडताळणीला फी नाही. स्पीड पोस्टाने पासपोर्ट घरी येतो, तेव्हा पोस्टमनलाही काही द्यायचं नसतं. ‘चहापाणी’ मागितलंच, तर पावती मागा.

मुलगा पुण्याला नोकरीला असेल, तर त्याला रजा घेऊन जबलपूरला बोलावू नका. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो. पोलीस मात्र अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर येतात. तेव्हा पुण्याचा पत्ता द्यायचा, तर तिथल्या खोलीचा भाडेकरार आधी नोंदवून घ्यायला सांगा.