पदवीधर रिकामा का राहतो?

लामता हे बालाघाट जिल्ह्यातले लहानसे गाव. गोंदिया-जबलपूर लोहमार्गावरचे स्टेशन, भोवती सातपुड्याचे जंगल आणि धानाच्या बांध्या. अशा गावातला मुलगा बी.ए. झाला की घरात, शेजारात, मंडळीत आनंद होतो. दोन-तीन वर्षांनी तोच मुलगा फारम भरीत बसलेला दिसतो. मग आपणच म्हणू लागतो, "इतका शिकला, पण रिकामाच!" तो उपासनेला येत नाही अशीही कुरकुर होते. (स्पर्धापरीक्षा पुष्कळदा रविवारीच असतात, हे कुरकुर करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) शब्बाथ शाळेत ही मुले एके काळी आपल्यापुढेच बसत होती. तेव्हा त्यांना आळशी ठरवण्याआधी कारणे पाहिली पाहिजेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील २०२२ सालच्या आकड्यांप्रमाणे, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत बेकारी शेकडा ३.४ होती, आणि पदवीधर तरुणांत शेकडा २९.१. पदवीधर मुलींची स्थिती मुलांपेक्षाही वाईट होती. शिक्षणाने माणूस निकामी होतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल मजुरीवर पेटते त्याला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर तो रोवणीला जातो आणि त्याची गणना 'कामावर असलेला' अशी होते. त्याला पोटभर मिळते की नाही, हे त्या आकड्यात दिसत नाही. पदवीधर मात्र थांबू शकतो, कारण त्याच्यामागे थोडी शेती, वडिलांचे निवृत्तिवेतन किंवा आईचे कष्ट असतात.

हे थांबणे म्हणजेच या प्रश्नाचे मूळ होय. मार्क ब्लॉग, रिचर्ड लेयर्ड व मॉरीन वुडहॉल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १९६९ साली भारतातील पदवीधर बेकारीच्या कारणांवर एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पदवीचा बराच खर्च सरकार सोसते, म्हणून ती कुटुंबाला स्वस्त पडते, पदवीमुळे मिळू शकणारी नोकरी मात्र इतर कामांहून फार चांगली असते. त्यामुळे बेकार पदवीधर डोळ्यांपुढे दिसत असतानाही धाकट्याला कॉलेजात घालणे हा बापाचा हिशेब चुकीचा ठरत नाही. हिशेब चुकतो तो सगळ्या देशाचा.

आजही तो हिशेब फारसा बदललेला नाही. २०१६ पासून लागू झालेल्या सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन महिना १८,००० रुपये ठरवले. त्यावर भत्ते आणि कायमपणा वेगळा. तालुक्याच्या गावी खासगी शाळेत शिकवणाऱ्या पदवीधराला पुष्कळदा याच्या निम्मेही मिळत नाहीत. मग दहा वर्षे परीक्षा देण्यात त्याचे काय चुकले? चुकते ते संख्येत. आपल्याकडे ज्याला पटवारी म्हणतात त्या तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी महाराष्ट्रात २०२३ साली दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका खुर्चीमागे दोनशेहून अधिक पदवीधर. आणखी खाली पाहा. २०१५ साली उत्तर प्रदेशात शिपायाच्या ३६८ जागा निघाल्या. पात्रता पाचवी पास आणि सायकल चालवता येणे एवढीच; अर्ज तेवीस लाख आले आणि त्यांत पीएच.डी. झालेलेही होते! रोनाल्ड डोर यांनी १९७६ साली याला पदवीचा रोगच म्हटले. जे काम मॅट्रिक करी त्यासाठी पदवीधर उभा राहतो, आणि मॅट्रिकला नाइलाजाने कॉलेजात जावे लागते.

परीक्षाच खोटी निघाली तर? मध्य प्रदेशात २०१३ साली व्यापमचा घोटाळा उघड झाला तेव्हा प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्यांची वर्षे कोणी परत दिली नाहीत.

आपल्या भागातील मराठी कुटुंबांची अडचण थोडी निराळी आहे. १९५६ पर्यंत या प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर पलीकडे गेले आणि बालाघाट भोपाळच्या राज्यात राहिले. आमची मुले हिंदीतून शिकतात. जवळचे मोठे शहर नागपूर, पण तिथल्या सरकारी नोकरीला बहुधा महाराष्ट्राचा अधिवास लागतो. जिल्ह्यात भरवेलीची मँगनीजची खाण आहे, मलाजखंडला तांब्याची खाण आहे. पण खाणीला यंत्रावरचा कारागीर हवा, राज्यशास्त्राचा पदवीधर घेऊन ती काय करणार? आणि धानाच्या शेतीवर त्याला परत जाववत नाही, कारण जाऊ नये म्हणूनच त्याला शिकवले.

हे दुखणे नवे नाही. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शिकलेल्यांची संख्या शंभरपटीने वाढावी, पण त्या सर्वांनी सरकारी चाकरीकडे डोळे न लावता उपयुक्त आणि मिळकतीचे उद्योग करावेत, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली. संख्या वाढली. उद्योगांचे काय? अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने सुतारकी, लोहारकी शिकवणारी औद्योगिक शाळा चालवली होती. तरी हाताच्या कामाला कमी लेखण्याची आपली सवय गेली नाही, असे मला वाटते. आयटीआयला जाणाऱ्या मुलाचे अभिनंदन मंडळीत किती वेळा होते?

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) दिवस मावळत आला तरी बाजारात उभी असलेली माणसे सांगतात, की आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. मळ्याचा धनी त्यांना आळशी म्हणत नाही.

वर्गात चर्चेसाठी: आपल्या मंडळीत असे थांबलेले मुलगे व मुली किती आहेत? त्यांच्या फॉर्मचे, शिकवणीचे, प्रवासाचे पैसे घरात कोण भरते आणि ते कुठून येतात? मुलगी घरी बसली तर तिला बेकार न म्हणता 'लग्नाची' का म्हणतात? वयाची मर्यादा उलटल्यावर त्यांतील कोणी शिवणकाम, वीजजोडणी किंवा दुकान सुरू करू म्हणाला, तर पहिले गिऱ्हाईक कोण होणार?