घरात दुभतं आहे म्हणून

पोरगी जेवत नाही म्हटलं की पहिलं बोट आईकडं वळतं. ‘हिला भरवायची हातोटी नाही’, ‘कालवण तिखटजाळ करते’, ‘सारखी मोबाइलवर असते’. हे सगळं मी मान खाली घालून ऐकलं. आता लेक मेथीची भाजी भाकरीबरोबर मागून खाते, तर तीच माणसं म्हणतात, ‘मोठी झाली की खातातच पोरं.’ म्हणजे बिघडलं ते माझ्यामुळं आणि सुधारलं ते आपोआप! तेव्हा म्हटलं, एकदा सगळं मांडूनच टाकावं. दुसऱ्या कुणा सुनेच्या उपयोगी पडेल.

आमचं घर नारायणगावच्या बाजूला, मळ्यात. हंगामात इथल्या टोमॅटो बाजारात वीस-वीस किलोच्या कॅरेटांच्या थप्प्या लागतात. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, काकडी रात्रीच्या गाडीनं वाशीला जाते. मुंबईची पोरं आमच्या वावरातली भाजी खातात आणि आमच्या घरात दोन वर्षांच्या पोरीच्या पोटात बटाट्याशिवाय एक भाजी जात नव्हती. यावर भावकीत विनोद व्हायचे. पण हसणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही की मग ही पोरगी दिवसभर जगते कशावर?

दुधावर. सकाळी धारा निघाल्या की पेलाभर. अंघोळ झाली की बाटली. दुपारी जेवली नाही, मग उपाशी कशी झोपवायची म्हणून बाटली. संध्याकाळी आजोबांच्या बशीतला चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं. रात्री पुन्हा बाटली, आणि मध्येच किरकिरली तर आणखी अर्धी. मी पहिल्यापासून म्हणत होते की दूध कमी करू, तिला जरा भूक लागू द्या. त्यावर उत्तर ठरलेलं : ‘घरात दुभतं असताना लेकराचं दूध तोडायचं? लोक तोंडात शेण घालतील.’ पुढं बोलायची सोयच नाही. सुनेनं गोठ्यातल्या दुधाला नाव ठेवायचं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

त्यात वन्संच्या ओळखीच्या एक बाई आल्या. पावडरीचे डबे विकायच्या. मोबाइलमध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, तोंडात प्रोटीन, व्हिटॅमिन, इम्युनिटी. त्यांनी आल्या आल्या पोरीचा दंड दोन बोटांत धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘वाढ खुंटलीय हिची. आई काम करते ना, त्या घरात असंच होतं.’ मी चहा टाकायला आत गेले, तोवर बाहेर डबा ठरलासुद्धा. पैसे माझ्या बचत गटाच्या रकमेतून गेले. ती गोडमिट्ट पावडर दुधात पडायला लागली आणि पोरगी जे दोन घास वरणभात खायची तेही बंद झाले. गाल मात्र वर आले. झालं! घरादाराला पावडर लागू पडल्याचा साक्षात्कार झाला.

त्याच सुमारास ती माती खायला लागली. तुळशीवृंदावनातली, भिंतीच्या पोपड्यांची, हाताला लागेल ती. घरात कौतुक चाललं होतं, ‘आमच्याकडं कृष्णच जन्माला आलाय.’ कुणी म्हणे जंत असतील. माझ्या मनाला ते पटत नव्हतं. पण माझ्या न पटण्याला त्या घरात तेव्हा किंमत नव्हती.

खोकला झाला म्हणून सरकारी दवाखान्यात नेलं. सासूबाई बरोबर होत्या. डॉक्टर मुलगी माझ्याहूनही लहान. तिनं खोकल्याचं ऐकलं, छाती तपासली, मग पोरीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं जरा ओढली. दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. आणि मला विचारलं, ‘ताई, ही माती खाते का? खडू, कोळसा, असलं काही?’ मी तोवर मातीचा म सुद्धा काढला नव्हता. अंगावर काटा आला. मी हो म्हणायच्या आत तिचा दुसरा प्रश्न, ‘दूध किती पिते?’

यावर सासूबाई पुढं सरकून अभिमानानं म्हणाल्या, ‘दुधाला काही कमी नाही बाई आमच्याकडं. दीड लिटर तर सहज!’

डॉक्टरनं हातातला पेन टेबलावर ठेवला. काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. त्या एका नजरेत मला कळलं की मी इतके महिने जे सांगत होते ते खरं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण रडू फुटलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन अकराच्या वर पाहिजे तिथं आठच्या आसपास होतं.

तिनं समजावलं ते जसंच्या तसं सांगते, कारण हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत, पण लोह जवळजवळ नाही. उलट दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. चहाही तेच करतो. एवढ्याशा पोटात दीड लिटर दूध गेल्यावर जेवणाला जागा कुठून राहणार? शौचाला कडक होतं ते वेगळंच. आणि खरी मेख पुढं आहे : अंगातलं लोह कमी झालं की भूकच मरते, माती मात्र खावीशी वाटते. जेवत नाही म्हणून रक्त कमी, रक्त कमी म्हणून जेवत नाही. असलं मूल किडकिडीतच दिसतं असं नाही. दुधावरची पोरं गुबगुबीत आणि पांढरट दिसतात, आणि लोक त्यांना ‘गोरी झाली’ म्हणतात.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना काय सांगितलं असेल? ‘मी तर कधीची म्हणतेय, हिच्या अंगात रक्त नाही.’ आणि त्या डबेवाल्या बाईंना रिपोर्ट दाखवला तर म्हणाल्या, ‘एका डब्यानं काय होतंय? तीन महिन्यांचा कोर्स पूर्ण करा.’ पैसे परत मागितले तर फोन उचलणं बंद. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं होतं की असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या नावाखाली दाखवू नका, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. ही बातमी आमच्या ओटीवर कधी पोचलीच नाही. कुणी डबा घेऊन आलं तर तो उलटा करा आणि घटक पदार्थांची यादी वाचा. ज्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त तो पदार्थ यादीत पहिला छापावा लागतो. साखर कितवी आहे ते बघा आणि मग ठरवा.

हे फक्त आमच्या घरातलं म्हणावं तर तसंही नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. एवढी सगळी घरं काही उपाशी नाहीत. बागायतदारांचीही पोरं त्यात आहेत.

डॉक्टरनं वजनाच्या हिशेबानं लोहाचं औषध दिलं, जंताची गोळी दिली आणि दूध दिवसाला जास्तीत जास्त अर्ध्या लिटरवर आणायला सांगितलं. तेही जेवणानंतर, वाटीनं किंवा पेल्यानं, बाटलीनं नाही. सासरी हे जमणार नव्हतं. मी लेकीला घेऊन माहेरी गेले. माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. तिथं आईच्या दारात दुभतं जनावर नाही. बाटली मी मुद्दाम सासरी विसरले. पहिले दिवस फार रडारड झाली, खोटं कशाला सांगू. शेजारच्या बायका म्हणाल्या, ‘किती कठोर आई!’ त्यांनाही ऐकून घेतलं. मग एका दुपारी भावाची पोरं गोल करून नाचणीची भाकरी आणि तांदुळजा खात होती, तिथं ही जाऊन बसली आणि मोठ्या पोराच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात घातला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की व्हिडिओ काढला नाही. मी आईला डोळ्यांनीच दटावलं की काही बोलू नकोस. खरी भूक लागल्यावर तिला पातळ मऊ भाजी नको होती, दुसऱ्याच्या ताटातली हवी होती. ही गोष्ट कुठल्याही डब्यावर लिहिलेली नसते.

तेव्हापासून जे शिकले ते सांगते. पहिली गोष्ट, एक वर्ष झाल्यावर मुलांची भूक कमी होतेच. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. मग खाणं तेवढंच कसं राहील? हे आजीला समजावून सांगा, जमलं तर डॉक्टरच्या तोंडून. सुनेच्या तोंडून ऐकत नाहीत.

नवी भाजी मुलं पहिल्यांदा थुंकतातच. दहा-पंधरा वेळा समोर आल्याशिवाय ती आपलीशी वाटत नाही, असं अभ्यासकही सांगतात. आपण तिसऱ्या खेपेला ‘हिला दोडका आवडत नाही’ असं जाहीर करून मोकळं होतो आणि पोरगी ते ऐकत असते. चिमूटभरच वाढा. खा म्हणू नका. उरली तर उचलून ठेवा, तोंड वाकडं करू नका. थालीपिठात दुधी किसून घालणं, तांबड्या भोपळ्याचे घारगे करणं चांगलंच आहे, पोटात जातं. पण लपवून घातलेल्या भाजीशी ओळख होत नाही, म्हणून तीच भाजी उघडपणे ताटातही ठेवा. माझ्या लेकीनं मासवडीचं तीळ-खोबऱ्याचं सारण आधी कोरडंच चाटलं, रस्सा फार पुढं. शेपूला अजून हात लावत नाही. नसू दे. मलाही कारलं आवडत नाही आणि माझा कुणी दंड धरून बघत नाही.

लोहासाठी आमच्याकडं अंडं चालत नाही, घरात माळ आहे. माहेरी अंगणवाडीत आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी किंवा केळी मिळतात, तशी सोय सगळीकडं नाही. मग चवळी, हुलग्याची आमटी, बाजरी, तीळ, आणि वर लिंबू पिळायचं किंवा टोमॅटो घालायचा. आंबटातल्या क जीवनसत्त्वानं भाजी-डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. नुसता पालक खाऊन रक्त वाढतं ही समजूत सोडा, त्यातलं लोह अंगाला फार थोडं लागतं. अंडं चालत असेल त्यांनी जरूर द्यावं.

मोबाइल दाखवून भरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय की वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांच्याला दिवसात तासाभराच्या आत. स्क्रीनपुढं घास गिळला जातो, पण पोट भरल्याचं मुलाला कळत नाही.

आता आपल्या भागासाठी दोन गोष्टी, कारण या कुठल्या पुस्तकात सापडायच्या नाहीत. आमचा जुन्नर द्राक्षांचा तालुका. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात नेमकं अडकतं, श्वास बंद होतो. पाच वर्षांपर्यंत उभं चिरून चार फोडी करूनच द्या. शेंगदाणे अख्खे नकोत, कूट करा. कच्चं गाजर किसून. दुसरी गोष्ट फवारणीची. औषधाच्या बाटलीवर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही ते लिहिलेलं असतं. बाजाराच्या गडबडीत ते कोण पाळतं ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही. म्हणून घरच्या पोरांसाठी एक वाफा वेगळा ठेवा, बिनफवारणीचा. आमच्या ह्यांनी तो केला, पण जावेच्या पोराचंही रक्त कमी निघाल्यावर.

बाकी हात धुवा, वेळेवर जेवा, प्रेमानं भरवा, संयम ठेवा, हे सगळे सांगतात. संयम ठेवा सांगणाऱ्यांनी एक दिवस आमच्या पडवीत येऊन बसावं. दूध न उकळता धारोष्ण पाजू नका, एवढी त्यात भर घालते.

लोहाचं औषध दुधाबरोबर देऊ नका. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून बंद करू नका. आशाताई आठवड्यातून दोनदा एक मिली देतात तो डोस रक्त कमी होऊ नये म्हणून असतो. आधीच कमी असेल तर तेवढा पुरत नाही, डॉक्टरला विचारा. माता-बाल संरक्षण कार्डावरची वजनाची रेघ दर महिन्याला बघा. शेजारच्या पोराशी तुलना नको, आपल्याच पोराची रेघ सपाट किंवा खाली चाललीय का तेवढं पाहायचं.

आणि मूल माती, खडू, भिंत खात असेल, तळवे पांढरे दिसत असतील किंवा दुधाच्या बाटलीशिवाय त्याचं पानही हलत नसेल, तर कुणाच्या परवानगीची वाट बघू नका. नारायणगाव, जुन्नर, घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हिमोग्लोबिन करून घ्या आणि रिपोर्टचा कागद स्वतःजवळ ठेवा. घरात तोंडी सांगितलेलं कुणी मानत नाही.