संगणकीय खेळातील सदिश

परिमाण व दिशा या दोहोंनी निश्चित होणारी राशी म्हणजे सदिश होय. संगणकीय खेळाची रचना तिच्याच आधारे केली जाते. खेळाडूचे स्थान (२, ३) आणि दर सेकंदाचा वेग (४, ०) असल्यास, घटकांची बेरीज करून एका सेकंदानंतरचे स्थान (६, ३) मिळते.

नवशिक्यांची गफलत होते ती तिरक्या धावेत. आडवा ४ व उभा ४ असे वेग एकत्र केल्यास पायथागोरसच्या सिद्धांतानुसार चाल ४ न राहता सुमारे ५.६६ होते. म्हणजे तिरका धावणारा खेळाडू सुमारे ४१ टक्के अधिक चालीने जातो व खेळातील समानता बिघडते. १९९३ साली आलेल्या ‘डूम’ या खेळात समोर आणि बाजूला एकाच वेळी धावून खेळाडूंनी असाच लाभ उठविला.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक घटकास सदिशाच्या लांबीने भागावे. त्यायोगे एकक सदिश मिळतो. त्यास इष्ट चालीने गुणावे. लांबी शून्य असल्यास मात्र भागाकार टाळावा.

शिक्षकांनी हे उदाहरण आलेख-कागदावर सोडवून दाखवावे. पायथागोरसचा सिद्धांत केवळ परीक्षेपुरता नाही, हे विद्यार्थ्यांना त्यातून सहज पटेल.