शेवट कळल्यावरही जो चेहरा टिकतो

पुणे

चि. चिमणी,


रँसच्या गुन्हेपट महोत्सवात तुला ज्यूरीवर बोलावलंय हे दादाने फोनवर सांगितलं. त्याला जोडून ‘चार गोष्टी तू सांग, माझं ती ऐकत नाही’ असंही. माझं ऐकतेस असा त्याचा समज आहे, तो तसाच राहू दे. मी नटी नव्हे. जन्मभर एडिटिंगच्या टेबलावर बसून नटांचे चेहरे पुढे-मागे करत आले. तेव्हा जे लिहीन ते त्या खुर्चीतून लिहीन.

जिथे जातेस त्या महोत्सवाचं घराणं माहीत असू दे. तो १९८२ साली कोन्याकला सुरू झाला, २००७ पर्यंत तिथे चालला, २००९मध्ये बोनला गेला आणि २०२१पासून रँसचा झाला. पहिलं गाव ब्रँडीचं, दुसरं बर्गंडीच्या वाइनचं, तिसरं शॅम्पेनचं. खून-दरोडे आणि बाटली यांची सोयरीक फ्रेंचांनी कशी जुळवली देव जाणे, पण संध्याकाळच्या पार्ट्या तुला चुकणार नाहीत एवढं खरं. जा, हस, बोल आणि वेळेवर झोप. दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला खेळ ज्याचा असेल, त्याने त्या चित्रपटात आयुष्याची काही वर्षं घातलेली असतात. त्याच्या वाट्याला पेंगणारी ज्यूरी येऊ नये.

तिथे पोलिसांचीसुद्धा एक वेगळी ज्यूरी असते आणि ती आपलं पारितोषिक देते. मला ही गोष्ट फार आवडते. पिस्तूल नीट धरलंय का, चौकशी अशी होते का, हे बघायला खात्याची माणसं बसलेली आहेत. समीक्षकांचंही स्वतंत्र पारितोषिक असतं. म्हणजे तू तपासातल्या चुका काढत बसू नकोस, आणि समीक्षकासारखं बोलायचा प्रयत्न तर अजिबात करू नकोस. नटांना ज्यूरीवर घेतात ते फोटोला शोभा म्हणून, असं कुणीतरी कुजबुजेलच. त्याला उत्तर द्यायचं तर तुला जे दिसतं आणि इतरांना दिसत नाही, ते सांगून दे.

१९५३च्या कान महोत्सवाची ज्यूरी आठव. अध्यक्ष झाँ कॉक्तो, आणि सभासदांत एडवर्ड जी. रॉबिन्सन. १९३१च्या ‘लिटल सीझर’पासून अमेरिकी पडद्यावरचा गुंड म्हणजे हाच माणूस, असं समीकरण होतं. त्या वर्षी सर्वोच्च मान मिळाला ‘द वेजेस ऑफ फिअर’ला. स्फोटकांनी भरलेले ट्रक खराब रस्त्यावरून न्यायचे, एवढीच गोष्ट. पण श्वास घेऊ देत नाही. आणि अभिनयासाठी खास उल्लेख झाला शार्ल व्हानेलचा. त्याची भूमिका अशा माणसाची, जो गावात दादा म्हणून येतो आणि ट्रकमध्ये बसल्यावर मैलागणिक भित्रा होत जातो. बंद दाराआड रॉबिन्सन काय बोलला असेल याची कल्पना मी करत नाही. पण ज्या ज्यूरीत पडद्यावरचा इतका मोठा दादा बसलेला, तिला दादागिरीच्या भूमिकेपेक्षा दादागिरी गळून पडण्याची भूमिका मोलाची वाटली, हे माझ्या मनात बसून राहिलंय.

आता माझं मुख्य म्हणणं. आपल्याकडे राजाभाऊ परांजप्यांनी १९६४मध्ये ‘पाठलाग’ केला, दोन वर्षांत त्याचा हिंदीत ‘मेरा साया’ झाला, तरी रहस्यपटातला अभिनय म्हणजे डोळे विस्फारणं आणि मान गर्रकन वळवणं, हा समज काही जात नाही. खरं तर या प्रकारात चांगला नट दिसूच नये अशी व्यवस्था असते. ज्याने खून केलाय त्याचं काम करणाऱ्याला शेवट पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो. कच्चा नट पहिल्याच प्रवेशात चोराच्या मनातलं चांदणं तोंडावर आणतो, नाहीतर दगडासारखा चेहरा करून आपल्याला सरळ फसवतो. पक्का नट हातचं राखतो, पण खोटं बोलत नाही. म्हणून चित्रपट संपला की लगेच मत बनवू नकोस. हॉटेलवर ये, दिवा मालव आणि शेवट माहीत असलेल्या बाईसारखा तोच चित्रपट मनात पहिल्यापासून चालव. दुसऱ्या रिळातलं ते हसू आता कसं दिसतं? तिने पाण्याचा ग्लास नवऱ्याकडे सरकवला, तेव्हाचा तिचा हात आता काही वेगळं सांगतो का? चेहरा अर्थ बदलूनही खरा राहिला, तर तो अभिनय. दुसऱ्या फेरीत पोकळ निघाला, तर ती पटकथेची हातचलाखी होती आणि नट तिचा हमाल.

‘अंधाधुन’ तू पाहिलेलाच आहेस, पण या नजरेने पुन्हा बघ. तुझ्याच पुण्यात घडतो, आणि त्याचं मूळ एका फ्रेंच लघुपटात आहे, तेव्हा तिथे गप्पांनाही उपयोगी पडेल. आयुष्मानला आंधळ्याचं सोंग करणारा डोळस माणूस करायचाय. समोर प्रेत पडलंय, बोटं पियानोवर, आणि डोळ्यांनी काहीही पाहिलेलं नाही असं दाखवायचंय. आपल्याला मात्र त्याला सगळं दिसलंय हे कळायला हवं. त्यात तब्बू त्याला तपासतेय आणि स्वतःही नाटक करतेय. २०१८च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान त्याला विभागून मिळाला. थरारपटातलं काम एखाद्या ज्यूरीला दिसलं, अशी उदाहरणं थोडीच, त्यातलं हे एक.

उलटं उदाहरण मार्लीन डीट्रिशचं. १९५७च्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मध्ये तिने जे केलंय ते मी इथे फोडत नाही, शेवट कुणाला सांगू नका अशी विनंती त्या चित्रपटातच केलेली आहे. ऑस्करची नामांकनं चार्ल्स लॉटनला आणि एल्सा लँचेस्टरला झाली. डीट्रिशला नाही. तिने काम इतकं दडवलं की मोजणाऱ्यांच्या हाती लागलं नाही. तुझ्या ज्यूरीत अशी एखादी बाई निसटणार नाही हे बघणं तुझ्याकडे. तिथे दिग्दर्शक असतील, लेखक असतील. त्यांचं लक्ष गोष्टीच्या गाठीकडे जाईल. ती दडलेली मेहनत ओळखण्याची सवय तुझ्या अंगात आहे.

एक सावधगिरी मात्र माझ्या धंद्यातून. सगळी भीती नटाची नसते. नट नुसता खिडकीकडे बघत असतो, चहा कधी येईल या विचारात. मी त्याच्याआधी बंद दाराचा शॉट लावते, खाली एक बारीक आवाज टाकते, आणि थिएटर गार पडतं. अशा क्लोजअपला अभिनय म्हणून मार्क देऊ नकोस. नट शॉटमध्ये किती वेळ टिकतो, समोरच्याचं ऐकताना काय करतो, ते बघ. याच महोत्सवाने बोनला असताना २०१५मध्ये ‘व्हिक्टोरिया’ला सर्वोच्च पारितोषिक दिलं. सव्वादोन तासांचा चित्रपट, एकाच सलग शॉटमध्ये. पहाटेचं बर्लिन, नाचून दमलेली मुलगी, आणि बघता बघता बँकेवरचा दरोडा. माझ्यासारखीला त्यात कामच नाही! त्या मुलीचं काम करणाऱ्या लाया कोस्ताला वाचवायला एकही कट नाही, म्हणून तिचं दमणं आणि घाबरणं कुणीही उसनं दिलेलं नाही.

सबटायटल्सचं एक सांगायचं राहिलं. कोरियन, स्पॅनिश, डॅनिश, काहीही समोर येईल, आणि तुझे डोळे फ्रेमच्या तळाशी अडकतील. नेमक्या त्याच क्षणी वर डोळ्यांत काहीतरी होऊन जातं. महत्त्वाचा प्रवेश वाटला की खालची ओळ सोडून दे. दोन वाक्यं नाही कळली तरी चालतील. चौकशीच्या खोलीत खोटं बोलणाऱ्याचा आवाज कुठल्याही भाषेत सारखाच घसरतो, आणि तुझा कान त्यासाठी तयार आहे.

गाठ सुटलीच पाहिजे असा हट्टही धरू नकोस. १९६०ला कानच्या ज्यूरीचे अध्यक्ष होते जॉर्ज सिमनों, इन्स्पेक्टर मेग्रेचे जनक. त्यांच्या ज्यूरीने वरचा मान ‘ला दोल्चे व्हीता’ला दिला, आणि आपलं खास पारितोषिक ज्या दोन चित्रपटांत वाटलं, त्यांतला एक अँटोनिओनीचा ‘लाव्हेंतुरा’. त्यात एक तरुणी बेटावरून नाहीशी होते आणि शेवटपर्यंत सापडत नाही. प्रेक्षकांनी त्या खेळाला हुर्यो केली होती. जन्मभर गुन्ह्यांचे छडे लावणारा लेखक अध्यक्ष असलेल्या ज्यूरीला छडा न लागणारं रहस्य पचलं, मग तुला का पचू नये?

बंद खोलीतलं थोडं. एखाद्या चित्रपटाच्या विरोधात तास घालवू नकोस. ज्याच्यासाठी तू भांडणार आहेस तो एक ठरव आणि त्याच्यातला एखादा प्रवेश तपशिलात सांग. ‘छान काम केलंय’ याने कुणाचं मत फिरत नाही. स्पर्धेत कुणी ओळखीचं असेल तर अध्यक्षांना पहिल्याच बैठकीत सांगून टाक. आणि एक गोष्ट मनाशी तपास, ती कुणी विचारणार नाही: ‘ही भूमिका मला मिळायला हवी होती’ असं ज्या कामाबद्दल वाटेल, तिथे तुझे मार्क एकतर फार चढतात नाहीतर फार उतरतात. त्या कामाबद्दल शेवटी बोल, इतरांचं ऐकून झाल्यावर.

निर्णय झाला की तो सगळ्यांचा. १९८६ला बर्लिनच्या ज्यूरीची अध्यक्ष जीना लोलोब्रिजिदा होती. जर्मन दहशतवाद्यांच्या खटल्यावरच्या ‘श्टामहाइम’ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि ते जाहीर करताना आपण याच्या विरोधात होतो हे तिने व्यासपीठावरूनच सांगून टाकलं. तिचा विरोध प्रामाणिक असेलही. पण जिंकणाऱ्याच्या हातातली ट्रॉफी त्या वाक्याने कायमची उष्टी झाली. हरलीस तर खोलीत हर, बाहेर टाळ्या वाजव. पत्रकार गोड बोलून काढून घ्यायला बघतील, नि घरी आल्यावर दादाही. मी विचारणार नाही, आणि मी विचारलंच तरी सांगू नकोस.

येताना तिथली गुलाबी बिस्किटं आण. ती शॅम्पेनमध्ये बुडवून खातात, आपण चहात बुडवू.

तुझी,
आत्या