आडरानातील भय आणि वाचकाचे ठिकाण : मराठी भयकथेच्या आकर्षणासंबंधी काही विचार

मराठी समीक्षेने भयकथेकडे जे दुर्लक्ष केले, त्याची कारणे शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. रहस्यकथा, गूढकथा, भयकथा हे सारे प्रकार 'रंजनपर' या एकाच कप्प्यात ठेवले, की वाङ्मयेतिहासाला त्यांची बोळवण चार ओळींत करता येते. मात्र तालुक्याच्या गावातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन नारायण धारप (१९२५-२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांच्या पुस्तकांची अवस्था पाहावी. दोनदोनदा बांधणी केलेल्या, कोपरे झिजलेल्या त्या प्रती वाचकाच्या वतीने जे सांगतात, त्याला उत्तर देण्याची जबाबदारी समीक्षेला टाळता येणार नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय समग्र भयकथा हा नाही. तिच्यातील एका विशिष्ट प्रकारापुरता हा विचार मर्यादित आहे. मोठ्या रस्त्यापासून दूर असलेले गाव, ओसाड वाडा, रान किंवा दरी. तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एखादा अघोरी आचार. बाहेरून, बहुधा शहरातून, तेथे येणारा माणूस. आणि अंगावर काटा आणणारी रक्तरंजित वर्णने, असे या प्रकाराचे सामान्य रूप सांगता येईल. सोयीसाठी त्याला 'आडरानाची भयकथा' असे म्हणू. तिचे आकर्षण कशात आहे, हा प्रश्न नेहमी रक्ताच्या अंगाने विचारला जातो आणि वाचकाची अभिरुची विकृत असल्याचे उत्तर देऊन सोडून दिला जातो. माझ्या मते तो ठिकाणाच्या अंगाने विचारला पाहिजे. आडरान कोठे आहे, याबरोबरच वाचक कोठे बसला आहे, हेही पाहिले पाहिजे.

आपल्या साहित्यशास्त्रात या प्रश्नाची पूर्वतयारी आहे. भरताने भयानक आणि बीभत्स यांना स्वतंत्र रसांचे स्थान दिले. भय आणि जुगुप्सा हे त्यांचे स्थायीभाव. भयानकाचे विवेचन करताना अभिनवगुप्ताने उदाहरण घेतले ते 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे. ते भय त्या हरिणाचे म्हणून उरत नाही, आपलेही होत नाही. देशकालाच्या बंधनातून सुटल्यामुळेच ते आस्वाद्य होते. रसास्वादातील जी सात विघ्ने त्याने सांगितली, त्यांतील एक येथे फार महत्त्वाचे आहे. समोर जे घडते आहे ते माझ्याच ठिकाणचे आहे किंवा अमक्याच्याच ठिकाणचे आहे, अशी जाणीव घट्ट धरून बसली, की रसनिष्पत्ती अडते. १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पनाही थोड्या वेगळ्या वाटेने याच परिसरात येते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडीत नाही. भयकथेच्या वाचकाला तर ती सोडून चालतच नाही. रानात अडकलेल्या पात्राबरोबर तो धावतो; मात्र आपल्या खोलीचे दार बंद आहे, हेही त्याला पक्के ठाऊक असते.

आता असा प्रश्न येतो, की ज्याच्या खोलीचे दार त्याच रानात उघडते, त्या वाचकाचे काय?

पाश्चात्त्य अभ्यासकांनी हा प्रश्न शहर आणि खेडे यांच्या संबंधात मांडला आहे. 'द टेक्सास चेन सॉ मॅसकर' (१९७४) किंवा 'द हिल्स हॅव आइज' (१९७७) यांसारखे चित्रपट, त्यांच्या आधीची जेम्स डिकी यांची 'डिलिव्हरन्स' (१९७०) ही कादंबरी, या साऱ्यांत शहरी माणसे आडवळणाच्या मुलखात जातात आणि तेथील दरिद्री, मागे पडलेली माणसे त्यांच्यावर तुटून पडतात. कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या भयामागचा अपराधभाव उलगडून दाखविला. ज्या खेड्याच्या जिवावर शहर सुखी झाले, ते खेडे हिशेब मागायला उठेल, ही ती धास्ती होय. डिकींच्या कादंबरीतील मित्र ज्या नदीवर सहलीला जातात, ती नदी धरणात बुडणार असते, हा तपशील या दृष्टीने बोलका आहे. ज्याला लुटले त्यालाच राक्षस ठरविले, की लुटीची टोचणी राहत नाही. क्लोव्हर यांचे विवेचन अमेरिकेपुरते असले, तरी मराठी कथेच्या संदर्भात ते पडताळून पाहण्यासारखे आहे.

धारपांच्या कथाविश्वात हा आकृतिबंध वारंवार येतो. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित निवेदक, वारशाने किंवा कामानिमित्ताने त्याच्या वाट्याला आलेली एकाकी वास्तू, तेथील अनामिक शक्ती, आणि अखेर ज्ञानी, संयमी पुरुषाने केलेले निवारण. त्यांचे 'समर्थ' हे पात्र अशा निवारकाचा आदर्श नमुना आहे. 'लुचाई'ला स्टीफन किंग यांच्या 'सालेम्स लॉट' (१९७५) या कादंबरीचा आधार आहे, हे सर्वश्रुत आहे. केवळ उसनवारीचा ठपका ठेवून हा विषय मिटविणे मला पटत नाही. परक्या मुलखातील भय मराठी गावात आणून रुजविताना धारपांना येथील घरे, नाती, देवघरे आणि बोलण्याची ढब यांची जी जोड द्यावी लागली, ती साधी नव्हे. किंग यांच्या 'ग्रॅमा'वरून धारपांची 'आजी', आणि 'आजी'पासून 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटाकडे गेलेला धागा पाहिला, तर हे रुजणे किती खोलवर झाले, याची कल्पना येते. 'तुंबाड'मध्ये भयाचे मूळ गुप्तधनाच्या हावेत आहे, आणि ही हाव अस्सल येथल्या मातीतली आहे. मतकरींची वाट निराळी. 'खेकडा'सारख्या कथेत भय घरातच आणि नात्यांतच जन्म घेते. त्यासाठी रानात जावे लागत नाही. म्हणूनच मतकरींचा वाचक अधिक अस्वस्थ होतो आणि धारपांचा वाचक अधिक गुंगतो, असे मला वाटते. दोन्ही अनुभवांना मोल आहे, पण त्यांची जात एक नाही.

या दोन्ही लेखकांना परभणी जिल्ह्यात बसून वाचताना एक अडचण येते. तिचे नाव मानवत.

नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या सुमारे चौदा महिन्यांच्या काळात मानवत आणि परिसरात दहा जणांच्या हत्या झाल्या. त्यांत कोवळ्या मुली होत्या, प्रौढ स्त्रिया होत्या आणि एक अगदी लहान मूलही होते. तपासाचे सूत्र पुढे मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे गेले. पिंपळावरील मुंजाला तुष्ट करून गुप्तधन मिळवावे आणि मूल व्हावे, यासाठी हे बळी दिले गेले, अशी सरकार पक्षाची मांडणी होती. अठरा जणांवर खटला चालला आणि तो १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. या घटनांवर अमोल पालेकरांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून 'आक्रीत' (१९८१) काढला; कुलकर्णींनी आपल्या इंग्रजी आठवणींत तपासाची हकिकत लिहिली; आणि तिच्यावर आधारलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका २०२४ मध्ये आली.

येथे आडरान कोठे आहे? मानवत ही कापसाची मोठी बाजारपेठ. भोवती गोदावरीच्या खोऱ्यातील सपाट काळी जमीन. जंगल म्हणावे असे काही नाही. ज्या घरांकडे तपास वळला ती भरवस्तीतली होती आणि ज्यांच्यावर संशय आला त्यांत गावातील वजनदार माणसे होती. याच काळात मराठवाडा १९७२ च्या दुष्काळात होरपळत होता. बायका-माणसे खडी फोडायला जात होती, आणि लेकरे बऱ्याचदा एकटी असत. घटनेच्या कलात्मक पुनर्कथनात हा दुष्काळ पार्श्वभूमी म्हणून येतो, तर कधी येतही नाही. अंधार, पिंपळ आणि रक्त मात्र नक्की येतात. मुंजाचेही तसेच. आमच्याकडे शेताच्या बांधावर, झाडाखाली शेंदूर लावलेला मुंजाबा असतो. त्याला नारळ फुटतो, नैवेद्य जातो, आणि पोरे त्याच्याच सावलीत भाकरी खातात. हा नित्याचा, जवळजवळ घरातला देव. त्याच्याभोवतीची श्रद्धा निरुपद्रवी असते, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्राला २०१३ मध्ये नरबळी व जादूटोणा यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि त्याच वर्षी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, या गोष्टी विसरता येत नाहीत. पण त्या देवाचे 'गूढ' होते, ते तो शहरातून पाहिला जातो तेव्हा.

तेंडुलकरांची दृष्टी मात्र येथे शाबूत राहिली. 'आक्रीत'मध्ये मुंजा खरा की खोटा, हा प्रश्न गौण आहे; प्रतिष्ठित पुरुष आणि समाजाबाहेरची स्त्री यांच्यातील लोभाचा, वासनेचा आणि सत्तेचा व्यवहार मुख्य आहे. त्यामुळे त्या चित्रपटात थरार कमी वाटतो, अशी तक्रार होऊ शकते. ती खरीच आहे. थरारासाठी जे अंतर लागते, ते पटकथेने ठेवलेलेच नाही.

भयकथेचे खरे सुख कशात आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाशेजारी ठेवून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. खटल्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांच्या कथनावर होता. तेव्हा लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या चौकटीत न्यायालयाने हे तत्त्व अधोरेखित केले, की गुन्ह्यातील भागीदाराने सांगितलेली हकिकत कितीही सुसंगत वाटली, तरी महत्त्वाच्या तपशिलांबाबत तिला स्वतंत्र दुजोरा मिळायला हवा, आणि तोही प्रत्येक आरोपीच्या संदर्भात. याचा परिणाम असा, की सर्व आरोपींचे भवितव्य एकसारखे झाले नाही. काही दोषी ठरले, काही सुटले. भयकथेला हा दुजोरा लागत नाही. तिच्यात सांगणाऱ्याचा आवाज हाच पुरावा असतो. अफवा, शंका, सुटे तपशील यांना ती एका अघोरी कारणात ओवते आणि वाचकाला 'असेच झाले असणार' हा निर्धास्त निर्णय हातात देते. रक्तापेक्षा या निर्णयाची गोडी मोठी आहे, असे मला वाटते. भीषण घटनेचे काही कारणच सापडू नये, यापेक्षा तिचे भीषण कारण सापडावे, हे मनाला सुसह्य असते.

या गोडीची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. मानवत प्रकरणात पारधी समाजातील व्यक्तींची नावे आली, आणि सांगोवांगीच्या कथेत तो सबंध समाजच आरोपी झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या जमातींवर जो जन्मजात ठसा मारला, तो १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यानंतरही पुसला गेला नव्हता. आडरानाच्या भयकथेला असा तयार ठसा फार उपयोगी पडतो, कारण तिच्यातील रानचा माणूस कधीच निवेदक नसतो. तो निवेदक झाला, की काय होते, ते मराठवाड्यातीलच लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) दिसते. तेथेही रात्र आहे, दारावरची थाप आहे, जीव मुठीत धरलेली लेकरे आहेत. पण दाराबाहेर उभे असतात ते पोलीस. भयकथेची सगळी सामग्री तीच राहते आणि तिची दिशा मात्र उलटी होते. पदव्युत्तर वर्गात 'लुचाई' आणि 'उचल्या' ही पुस्तके शेजारी ठेवून शिकवावीत, असे मी अनेकदा सुचविले आहे. एक रंजनपर आणि दुसरे आत्मकथन, म्हणून त्यांना वेगवेगळ्या पत्रिकांत बंदिस्त करण्याने दोघांचेही नुकसान होते.

रानातली कथा आणि नगरातला श्रोता यांचे हे नाते आपल्याकडे जुने आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त अकराव्या शतकात जी हकिकत आली आहे, तिच्यानुसार पैज हरल्यामुळे भाषा सोडून रानात गेलेल्या गुणाढ्याने शाई नसल्याने स्वतःच्या रक्ताने, पैशाची भाषेत, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाने पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरे म्हणून ती झिडकारली. मग गुणाढ्य एकेक पान रानातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकू लागला, आणि चारा सोडून ते ऐकत राहिले. राजाला त्याची खबर लागली ती राजवाड्यात येणारे मांस नि:सत्त्व होऊन त्याची प्रकृती बिघडली तेव्हा. तो रानात पोहोचला, तोवर एक लक्षच श्लोक उरले होते. भयकथेच्या नागर वाचकाचे याहून नेमके चित्र मला अन्यत्र आढळले नाही. फक्त आजचा राजा कथा झिडकारीत नाही; रक्ताच्या अक्षरांसाठीच तो ती मागवून घेतो.

आणि पैठणहून पुढे वाहत येणारी गोदावरी आमच्या पाथरी, सोनपेठ, गंगाखेड तालुक्यांतून जाते. तेथून येणाऱ्या विद्यार्थ्यांना भयानक रसाचे प्रकरण शिकविताना अभिनवगुप्ताने सांगितलेले ते विघ्न वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मानवतचा मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि त्याने गावाचे नाव सांगितले, की समोरच्याचा पुढचा प्रश्न कापसाच्या भावाविषयी नसतो. २०२४ नंतर तर तो प्रश्न विचारणारे वाढले आहेत. ज्या लेकी आणि बाया गेल्या, त्यांची नावे मात्र त्या प्रश्नकर्त्यांपैकी कोणालाच सांगता येत नाहीत. दहा हा आकडा तेवढा सगळ्यांच्या लक्षात असतो.